पहिल्या बाळाची खोली: दोन हजार वर्षांच्या तयारीचा इतिहास

#थ्रेड

१/
खेळणे जड नसावे. त्याला टोक नसावे. ते बाळाच्या तोंडात जाईल असे नसावे. मात्र त्याचा नाद व्हावा आणि ते डोळ्यांना सुखवावे. आज खेळण्याच्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेली असते तशीच ही सूचना सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चरकसंहितेत, शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात आढळते. येणाऱ्या बाळासाठी घर सज्ज करणे हा विषय आपल्याकडे इतका जुना आहे. आज त्या तयारीचा, विशेषतः महाराष्ट्रातील बाळंतिणीच्या खोलीचा, इतिहास पाहू.

२/
चरक सांगतो, नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार बांधून तयार असावे. जागेतील हाडे, खडे, खापऱ्या काढून टाकाव्यात. दार पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे असावे. लाकूड बेल, टेंभुर्णी, हिंगणबेट, बिब्बा, वायवर्णा किंवा खैर यांचे असावे. अग्नी, पाणी, उखळ, शौचाची जागा, न्हाणी आणि स्वयंपाकाची जागा जवळच असावी आणि हे सारे त्या त्या ऋतूत सुखकर वाटेल असे असावे.

३/
मग सामानाची यादी येते. तूप, तेल, मध, सैंधव, वावडिंग. बेलाच्या लाकडाचे दोन पलंग. धार लावलेली शस्त्रे. सोबतीला अनेक बाळंतपणे अनुभवलेल्या, मायाळू, कामात दक्ष आणि कष्ट सोसणाऱ्या स्त्रिया असाव्यात. नाळ नाभीपासून आठ अंगुळे मोजून, सोने, चांदी किंवा लोखंडाच्या तीक्ष्ण शस्त्राने कापावी आणि तिचे टोक सुताने बांधावे. कोणत्याही अनुभवी गृहिणीला ही यादी परकी वाटणार नाही.

४/
बाळाच्या खोलीला चरक कुमारागार म्हणतो. ती रमणीय असावी, तिच्यात अंधार नसावा, वाऱ्याचा झोत नसावा, तरी एका बाजूने हवा खेळती असावी. उंदीर, किडे, दंश करणारे प्राणी तिथे नसावेत. अंथरुण-पांघरुण मऊ, हलके आणि स्वच्छ असावे. घामाने वा मलमूत्राने खराब झालेले टाकून द्यावे. टाकणे शक्य नसेल तर धुऊन, धुरी देऊन आणि चांगले वाळवून मगच पुन्हा वापरावे. "अंधार नसावा" हे शब्द लक्षात ठेवावेत. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

५/
ग्रंथातील घर आणि प्रत्यक्षातील घर यांत अंतर असते. चरकाचे सूतिकागार हे सधन यजमानाचे आहे. स्वतंत्र वास्तू उभारण्याइतकी जागा, लाकूड आणि माणसे ज्याच्या पदरी आहेत त्याचे. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात बाळंतिणीच्या वाट्याला बहुधा घरातील सर्वांत आतली आणि सर्वांत अंधारी खोली येई. खिडकी असली तर ती बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा-शेपा-वावडिंगाची धुरी. वारा लागू नये, हा त्या खोलीचा पहिला नियम होता.

६/
हा नियम अडाणीपणाचा होता असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. नवजात बाळाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. गारठा त्याला खरोखरच मारू शकतो. शेक, कुंची, मऊ दुपट्यांत घट्ट गुंडाळणे, बाळाला आईच्या कुशीत ठेवणे यामागे पिढ्यांचे निरीक्षण होते. दोष उबेत नव्हता. दोष होता ऊब मिळवताना कोंडलेल्या धुरात, आणि अंधारामुळे न दिसणाऱ्या मळात.

७/
ही तयारी करीत कोण होते? जोडपे नव्हे. पहिले बाळंतपण माहेरी, ही रूढी पक्की होती. सातव्या महिन्यातील डोहाळजेवणानंतर मुलगी माहेरी जाई आणि खोली सिद्ध होई ती तिच्या आईच्या घरी. पतीचा वाटा तिला पोहोचविण्याचा आणि निरोपाची वाट पाहण्याचा. या रूढीलाही कारण होते. १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले, तेही मोठ्या वादानंतर. म्हणजे पहिलटकरीण कित्येकदा स्वतःच बालिका असे. अशा वेळी तिला स्वतःच्या आईजवळ ठेवणे हेच मोठे संरक्षण होते.

८/
आई आणि आजी महिनोन्‌महिने तयारी करीत. वापरून मऊ झालेल्या लुगड्यांची दुपटी आणि गोधड्या शिवल्या जात. डिंक, आळीव, खोबरे, सुंठ जमविली जाई. बाळगुटीसाठी सहाण आणि तिच्यावर उगाळायला वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरडशेंग. शेगडीसाठी कोळसा, न्हाणीसाठी सरपण. आप्तांकडून पुढे बाळंतविडा येई, त्यात बाळाला झबले-टोपरे आणि आईला खण किंवा लुगडे.

९/
मात्र एक गोष्ट टाळली जाई. पाळणा आधी आणून ठेवायचा नाही, नवे कपडे आधी शिवायचे नाहीत, रिकामा पाळणा हलवायचा नाही. अनेक मराठी घरांत हे संकेत आजही पाळले जातात. याला केवळ अंधश्रद्धा म्हणता येईल का? ज्या काळात जन्मलेल्या बाळांपैकी फार मोठा हिस्सा वर्षाच्या आत जाई, त्या काळात रिकामा राहिलेला पाळणा घरात पाहणे किती कठीण गेले असेल! आनंद आधी मोजायचा नाही, ही त्या अनुभवाने शिकविलेली रीत होती.

१०/
नावांतही तीच भीती दिसते. आधीची मुले दगावली की पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, भिकू किंवा कचरू ठेवीत. मृत्यूला त्याचा मोह पडू नये, अशी त्यामागील समजूत. बारसे बाराव्या दिवशी, हा विधी शास्त्रोक्त खरा. परंतु पहिले अकरा दिवस पार पडले, हा दिलासाही त्या समारंभात असे. ते अकरा दिवस इतके अवघड का होते, हे आता पाहू.

११/
जन्मानंतर घराला सोयर लागे. बाळंतीण दहा दिवस विटाळशी मानली जाई. तिला कोणी शिवायचे नाही. या वेगळेपणाचा एक लाभ होता. एरवी पहाटेपासून राबणाऱ्या सुनेला सक्तीची विश्रांती मिळे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा संपर्क टळे. पण त्याची दुसरी बाजू घातक होती. खोलीत गेलेले सारे विटाळते, म्हणून चांगले काही आत न्यायचे नाही. बाज जुनी, चटई फाटकी, चिंध्या घरात इतर कशालाही न उरलेल्या. ज्या देहाला स्वच्छतेची सर्वाधिक गरज, त्याला घरातील सर्वांत मळकट वस्तू मिळत.

१२/
सुइणीचेही तसेच. कुठल्या बाळाचे डोके कसे फिरले आहे हे हाताने ओळखणारी ही स्त्री गावातील मोठी जाणकार होती. परंतु नाळ कापणे हे अपवित्र काम मानले गेल्यामुळे ते बहुधा ज्यांना समाजाने खाली ढकलले होते अशा जातींतील स्त्रियांकडे सोपविलेले असे. तिला मान नव्हता, शिक्षण नव्हते, स्वतंत्र हत्यारे नव्हती. नाळेसाठी घरातला विळा, चाकू किंवा बांबूची धारदार कांब वापरली जाई. कापलेल्या जागी काही ठिकाणी राख लावीत, तर काही ठिकाणी शेण.

१३/
इथे मृत्यूची वाट उघडत होती. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात सुप्तावस्थेत वर्षानुवर्षे टिकतात. नाळेच्या ओल्या जखमेतून ते शरीरात शिरतात आणि तिथे विष तयार करतात. जन्मलेले बाळ पहिले दोन दिवस नीट रडते, नीट दूध ओढते. मग तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान, बहुधा आठवड्याच्या आसपास, त्याचा जबडा आवळतो. दूध ओढणे थांबते. अंग धनुष्यासारखे ताठते. उपचार नसतील तर बहुतेक बाळे दगावतात.

१४/
आता पाचवी आणि षष्ठीची रात्र आठवावी. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते, ही श्रद्धा महाराष्ट्रभर आहे. पाटा-वरवंट्याची पूजा होते, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा विझू देत नाहीत, बायका रात्र जागवितात. उशाशी लोखंडी विळा किंवा कोयता ठेवतात. धनुर्वाताची लक्षणे दिसू लागण्याचा काळ आणि या जागरणाचा काळ जवळजवळ एकच आहे.

१५/
या श्रद्धेचा उगम धनुर्वातातच आहे, असे सिद्ध करता येणार नाही. षष्ठीची पूजा फार प्राचीन आहे. परंतु एवढे म्हणता येते, की कोणत्या रात्री भ्यावे हे त्या बायकांना अचूक कळले होते. मृत्यू केव्हा येतो हे त्यांनी पाहिले होते. तो कोणत्या वाटेने येतो, हे पाहण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. त्या दाराला पहारा देत होत्या आणि शत्रू विळ्याच्या पात्यावर बसून आधीच आत आलेला होता.

१६/
हे अज्ञान केवळ आपल्या माजघरातले नव्हते. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४० च्या दशकात दोन प्रसूतिकक्ष होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. सूतिकाज्वराने अधिक स्त्रिया मरत त्या डॉक्टरांच्या कक्षात. इग्नाझ सेमेलवाइस यांच्या ध्यानात आले की विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येतात. १८४७ च्या मे महिन्यात त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा १८ च्या घरात असलेले मृत्यू उन्हाळ्यात शेकडा २ च्या आसपास आले.

१७/
सेमेलवाइस यांचे म्हणणे त्यांच्या हयातीत बहुतेकांनी मानले नाही. सद्‌गृहस्थाचे हात घाणेरडे असू शकतात, ही कल्पनाच डॉक्टरांना अपमानास्पद वाटली. धनुर्वाताचा जंतू आर्थर निकोलायर यांनी १८८४ मध्ये मातीत ओळखला आणि शिबासाबुरो कितासातो यांनी १८८९ मध्ये तो शुद्ध रूपात वाढवून दाखविला. म्हणजे १८८० पूर्वी जन्मलेल्या बाळाच्या आजीला दोष देताना हे विसरता येत नाही, की युरोपातील प्राध्यापकांनाही तेव्हा उत्तर ठाऊक नव्हते.

१८/
याच काळात महाराष्ट्रातील एका जोडप्याला पहिले बाळ झाले. पती टपाल खात्यात कारकून, पत्नीचे वय चौदा. मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. ते जोडपे म्हणजे गोपाळराव आणि आनंदीबाई जोशी. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही, ही खंत आनंदीबाईंच्या मनात राहिली. १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात त्यांनी हिंदुस्थानला स्त्री डॉक्टरांची गरज किती आहे हे सांगितले आणि त्याच वर्षी त्या अमेरिकेला निघाल्या.

१९/
फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. स्वतःचे बाळ गमावलेल्या या मुलीने अमेरिकेत बसून आपल्याच परंपरेतील प्रसूतिविचाराचा अभ्यास मांडला. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक ठरली होती. पण क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. वय बावीसही पूर्ण नव्हते.

२०/
१८८५ साली लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरविणारा निधी उभा राहिला. १८८६ साली मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. तिथे एडिथ पीची यांच्यासारख्या स्त्री डॉक्टर काम करू लागल्या. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या प्रयत्नाने सुइणींना प्रशिक्षण देण्यासाठी वेगळा निधी निघाला. तरीही रुग्णालय म्हणजे मरायला जाण्याची जागा, ही भीती बराच काळ टिकली. आणि व्हिएन्नाची हकीकत पाहता ती अगदीच निराधार नव्हती.

२१/
पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहिले. तिथे परिचारिका आणि सुइणीचे शिक्षण घेणाऱ्यांत तरुण विधवाही होत्या. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. शुभकार्यात जिचे तोंड पाहणे अपशकुन मानले जाई, तीच स्त्री आता पांढऱ्या स्वच्छ वेषात, धुतलेल्या हातांनी, नव्या जीवाला जगात आणू लागली. सोयर आणि विटाळ यांच्या भिंतीला पडलेली ही मोठी भेग होती.

२२/
आता वाड्यातून चाळीत येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी कोकण आणि घाटावरून आलेली हजारो जोडपी मुंबईच्या गिरणगावात एका खोलीत राहत होती. त्या खोलीतच चूल, मोरी, झोपणे, आणि कित्येकदा आणखी एखादे कुटुंब किंवा भाडे देणारे गाववाले. इथे बाळंतिणीची खोली कुठून काढायची? दोरीवर लुगडे टाकून केलेला आडोसा हीच तिची खोली. पुरुष त्या रात्री बाहेर व्हरांड्यात किंवा जिन्यावर.

२३/
१९२१ सालच्या मुंबईतील नोंदी वाचताना हात थरथरतो. हजार नोंदलेल्या जन्मांमागे वर्षाच्या आतील बालमृत्यू साडेसहाशेहून अधिक होते. खोल्यांनुसार आकडे पाहावेत. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत आठशेहून अधिक. दोन खोल्यांत सव्वातीनशेच्या आसपास. तीन खोल्यांत दोनशेच्या आत. चार किंवा अधिक खोल्यांत दीडशेच्या आत. शहर एकच होते आणि सटवाईही एकच होती. कपाळावरचा लेख मात्र खोल्यांच्या संख्येप्रमाणे बदलत होता.

२४/
या आकड्यांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. दिवस भरत आले की अनेक कामकरी स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. बाळाचा जन्म रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यात होई आणि काही महिन्यांनी ते मुंबईत दगावले तर मृत्यू मात्र मुंबईत नोंदला जाई. शिवाय अनेक जन्मांची नोंदच होत नसे. त्यामुळे एका खोलीचा दर प्रत्यक्षाहून फुगलेला आहे. पण फुगवटा वजा केला तरी एक खोली आणि चार खोल्या यांतील दरी बुजत नाही.

२५/
मुंबई सरकारने गिरणीतील स्त्रियांच्या बाळंतपणांची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांचा अहवाल १९२२ साली आला. त्यात बाळगोळीचा उल्लेख आहे. आई पाळीवर जाताना बाळ शांत झोपावे म्हणून त्याला अफूची गोळी देत. ही प्रथा गिरणी कामगारांत जवळपास सार्वत्रिक होती. त्या आईला निर्दय म्हणण्यापूर्वी तिचा हिशेब पाहावा. कामावर गेली नाही तर मजुरी नाही, मजुरी नाही तर दूध नाही, आणि घरी बाळाला धरायला कोणी नाही.

२६/
परळच्या चाळीत अशाच एका संसाराने हे दुःख पुन्हा पुन्हा पाहिले. रमाबाई आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली. त्यांतील राजरत्न १९२६ च्या जुलैत. दोन वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदे मंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या मागेपुढे आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलावा. आणि तिच्या श्रमाचा लाभ मालकाला होतो, म्हणून त्यानेही वाटा द्यावा, अशी त्यांची मांडणी होती.

२७/
१९२९ साली तो कायदा झाला. हिंदुस्थानातील हा अशा प्रकारचा पहिला कायदा. मुंबई शहरातील कामगार स्त्रीला दिवसाला आठ आणे, काही आठवडे. रक्कम लहान होती, पण विचार मोठा होता. बाळाच्या तयारीत वेखंड, डिंक आणि दुपट्यांबरोबर आता पगारी विश्रांतीही आली. त्याच सुमारास, १९२६ साली, परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले. चाळीत जी खोली निघत नव्हती, ती गिरणगावाच्या मध्यावर बांधली गेली. १९६१ साली देशव्यापी प्रसूतिलाभ कायदा आला. २०१७ साली त्यातील रजा, पहिल्या दोन अपत्यांसाठी, सव्वीस आठवड्यांची झाली.

२८/
स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने देशाचे आरोग्यचित्र मांडले. वर्षाला सुमारे दोन लाख स्त्रिया गर्भारपण आणि बाळंतपणात मृत्युमुखी पडत होत्या. पुढील दशकांत प्राथमिक आरोग्य केंद्रे, परिचारिका आणि प्रशिक्षित दाया खेड्यांत पोहोचू लागल्या. त्यांना शिकविलेला धडा पाच स्वच्छतांचा होता. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, नाळ बांधायला स्वच्छ दोरा आणि नाळेची स्वच्छ जखम. चरकाच्या यादीशी हा धडा ताडून पाहावा. पाते, दोरा, जागा सारे तिथेही आहे. नवे आहे ते त्यामागील कारण.

२९/
पात्याबरोबर सुई आली. गर्भवतीला धनुर्वाताची लस दिली की तिच्या रक्तातील संरक्षण बाळाला जन्माआधीच मिळते. २०१५ साली भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. निर्मूलन म्हणजे रोग पुसला गेला असे नव्हे. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, असा त्याचा अर्थ. जंतू आजही मातीत आहेत. पाचवीच्या रात्रीचे जागरण आज आनंदाचे झाले आहे, ते या लसीमुळे आणि उकळलेल्या पात्यामुळे.

३०/
आणि मग इतिहास पुन्हा घराकडे वळला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात एक प्रयोग केला. रुग्णालय दूर आहे, तर नवजात बाळाची काळजी घरातच का घेऊ नये? एकोणचाळीस गावांत निवडलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण मिळाले. बाळाचे वजन, ऊब, स्तनपान, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, हे सारे त्या घरी येऊन करू लागल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला.

३१/
२०११ पासून ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर आली. रुग्णालयात जन्मून घरी आलेल्या बाळाकडे त्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा जातात. आज महाराष्ट्रातील नव्वद टक्क्यांहून अधिक जन्म रुग्णालयांत होतात. तरीही तिसऱ्या दिवशी बाळ घरी येतेच, आणि तेव्हा त्याला घर कसे मिळते हा प्रश्न उरतोच. गडचिरोलीच्या प्रयोगाने सुइणीच्या परंपरेला जे मिळाले नव्हते तेच दिले, म्हणजे शिक्षण, साधने आणि मान. घर तेच, गाव तेच, हातही गावातल्याच बाईचे.

३२/
दोन हजार वर्षांच्या या प्रवासात तयारीतील जिव्हाळा कधीच कमी नव्हता. लुगडी फाडून दुपटी शिवणारी आजी, दिवा विझू न देणारी आत्या, दोरीवर पडदा टाकणारा गिरणी कामगार, या साऱ्यांनी आपल्या परीने सर्वस्व दिले होते. बाळे गेली ती प्रेमाच्या अभावाने नव्हे. धुतलेले हात, एक जास्त खोली, आईची विश्रांती आणि सुइणीचा मान, एवढ्या गोष्टी नव्हत्या म्हणून गेली. यांतील पहिली गोष्ट ज्ञानाने मिळाली. उरलेल्या तिन्ही समाजाला द्याव्या लागल्या, आणि त्या देताना आपण फार उशीर केला.

३३/
आज एखादे जोडपे पहिल्या बाळासाठी खोली लावते, तेव्हा पतीही भिंतीला रंग देतो, पाळण्याचे स्क्रू आवळतो, दुपटी उन्हात टाकतो. पूर्वी व्हरांड्यात थांबणारा माणूस आता त्या खोलीत आला आहे. त्याने आणि तिने खिडकी उघडी ठेवावी, ऊब ठेवावी, धूर ठेवू नये, हात धुवावेत आणि आईला झोपू द्यावे. जुन्या यादीतले जे टिकले ते एवढेच आहे. पाळणा आधी आणायचा की नाही, हे मात्र घरातल्या आजीला विचारून ठरवावे. तिच्या त्या संकोचामागे कुणा एका न जगलेल्या बाळाची आठवण असू शकते.

आपल्या घरी बाळंतिणीच्या खोलीबद्दल, पाचवीबद्दल किंवा गावच्या सुइणीबद्दल काही ऐकलेले असेल तर खाली अवश्य लिहावे. ज्यांनी ते पाहिले आहे अशी पिढी आता थोडीच उरली आहे.